सॅम्पल दिलंय, 'तसंच' बनवून द्या

गाळा_क्रमांक_नऊ

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथे बराच जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर. बाकी सगळं बाहेरून करून घेतो. आमच्याकडे येणारं निम्म्याहून जास्त काम ड्रॉइंगशिवाय येतं. रबाळे, महापे, पावणे, तळोजा इथे अजून तीस-चाळीस वर्षं जुनी परदेशी मशिनं चालू आहेत. मूळ कंपनी बंद पडलेली असते किंवा विकली गेलेली असते. स्पेअर मिळत नाही, आणि मिळालाच तर त्या पैशात इथे अर्धं मशिन उभं राहील. मग मेंटेनन्सचा माणूस फडक्यात गुंडाळलेला पार्ट टेबलावर ठेवतो आणि शीर्षकातलं वाक्य म्हणतो.

सध्या एका पॅकिंग मशिनचं गिअरचं चाक आलंय. सरळ दात, चाळीस. जोडीला वीस दातांचं पिनियन, म्हणजे छोटं चाक. चाकाचे चार दात उडालेत, बाकी शाबूत आहे. कस्टमरने हेच चाक आधी दुसरीकडून करून घेतलं होतं. बोअर (मधलं भोक), जाडी, कीवे (चावीची खाच), बाहेरचा व्यास सगळं जुन्याबरहुकूम. तरी मशिन चालू झालं की नुसतं कोकलायचं आणि काही महिन्यांत त्याने पिनियन खाल्लं. आता ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

बाहेरचा व्यास १०६.५ मिमीच्या आसपास येतो. त्याला ४२ ने, म्हणजे दात अधिक दोनने, भागलं की मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचा आकडा मिळतो: २.५३ आणि वर थोडं. अडीच मॉड्यूल म्हणून सोडून द्यायचं का? जाणकारांनी सांगावं. आणि एकूणच, ड्रॉइंग नसताना वस्तूवरून वस्तू करणाऱ्यांचे अनुभवही येऊ द्या.

चौदा_नंबर_पाना

अडीच मॉड्यूलचं चाळीस दातांचं चाक १०५ ला संपतं रे. तुझं झिजलेलं चाक १०६.५ दाखवतंय. झिजून चाक मोठं होतं का कधी?

मशिन कुठल्या देशाचं ते लिहिलं नाहीस. नेमप्लेट बघ. आणि केसिंग उघडलंच आहे तर दोन्ही शाफ्टमधलं अंतर मोज. ७६.२ आलं तर माझा चहा तुझ्याकडे लागू.

गाळा_क्रमांक_नऊ

काका, नेमप्लेट घासून गेलीये, पण मेंटेनन्सवाले 'इंग्लिश मशिन' म्हणतात. शाफ्टचं अंतर उद्या जाऊन मोजतो. ७६.२ का?

चौदा_नंबर_पाना

३ इंच.

सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, आता घरी बसून नातवाची सायकल खोलतो.

इंचवाल्या मशिनांत मॉड्यूल नसतं, डीपी असतं. म्हणजे एक इंच व्यासामागे किती दात. १० डीपी म्हणजे आपल्या भाषेत २.५४ मॉड्यूल. ४२ गुणिले २.५४ केलं की १०६.६८. दातांची टोकं थोडी घासली की तुझे १०६.५ झाले. आणि वीस अधिक चाळीस, साठचा निम्मा तीस, गुणिले २.५४, म्हणजे ७६.२.

पण एवढ्यावर उडी मारू नकोस. अडीच मॉड्यूलच्या चाकाला करेक्शन दिलं, म्हणजे दात थोडे बाहेर सरकवून कापले, तरी बाहेरचा व्यास १०६.६८ करता येतो. व्यास फसवतो, दाताचा पाया फसवत नाही. फ्लँज मायक्रोमीटर घे, नसेल तर चांगल्या व्हर्नियरचे जबडे चालतील. चार दात जबड्यात धरून माप घे, मग तिथेच पाच दात धरून घे. पाचमधून चार वजा कर. जे उरतं ते बेस पिच, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं मूळ अंतर. यातली गंमत अशी, की दोन्ही मापांत जबडे टोकाच्या दातांच्या बाहेरच्या बाजूंनाच टेकतात. झीज दोन्हीकडे सारखी वजा होते आणि उत्तरातून निघून जाते. झिजलेल्या चाकावरही हा आकडा खरं बोलतो.

अडीच मॉड्यूल, २० अंश (दाताच्या बाजूचा कोन, प्रेशर अँगल) असेल तर ७.३८ येईल. १० डीपी, २० अंश असेल तर ७.५०. १० डीपी आणि जुना साडेचौदा अंशाचा दात असेल तर ७.७३ च्या आसपास.

जमलं तर चाकाच्या कडेचे दात बघ. पिनियनची जाडी चाकापेक्षा कमी असेल तर चाकाच्या एका कडेला दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कधी घासलीच गेलेली नसते. मूळ दात तिथे जसाच्या तसा सापडतो.

हरवलेला_अर्धविराम

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! मी कोडवाला, गिअर म्हटलं की मला फक्त गाडीचा कळतो. पण वजाबाकीत झीज निघून जाते हे वाचून खुर्चीवरून उठलो.

तीन_हात_नाका

गोष्ट रंजक आहे, पण मूळ मुद्द्याला कुणी हात लावत नाहीये. दुसऱ्याने डोकं लावून बनवलेली वस्तू उघडायची, मोजायची आणि आपण विकायची. याला सरळ शब्दात नक्कल म्हणतात ना? आपल्या मुलाने परीक्षेत केली तर आपण रागावतो.

महाप्याची_मृणाल

नाका, थांबा जरा, त्यावर येऊच. आधी गाळा नऊ यांना एक सांगते, कारण आमच्याकडे रोज हेच चालतं. मी महाप्याला एका स्कॅनिंग-मोजणीच्या लॅबमध्ये आहे.

लोक पार्ट घेऊन येतात आणि म्हणतात, 'स्कॅन करून द्या, म्हणजे ड्रॉइंग तयार.' पार्ट चकचकीत असेल तर आम्ही त्यावर पांढरा स्प्रे मारतो, निळ्या प्रकाशाचा स्कॅनर फिरवतो, आणि संगणकावर लाखो त्रिकोणांचा एक हुबेहूब पार्ट उभा राहतो. कस्टमर खूश. पण त्या त्रिकोणांना काहीच ठाऊक नसतं. बोअर गोल असायला हवा होता की झिजून लंबगोल झालाय, भोक मुद्दाम सरकवलंय की ड्रिल घसरलं होतं, हे त्यांना कळत नाही. झीज, पडल्याची खूण, वेल्डिंगचा थर, सगळं निमूटपणे कॉपी होतं.

मागे एक शाफ्ट आला होता. बेअरिंग बसतं तिथे माप २४.९७. सोबतच्या मुलाने तेच ड्रॉइंगवर लिहायला घेतलं होतं. मी विचारलं, यावर बेअरिंग कुठलं बसतं? ६२०५. म्हणजे बेअरिंगचं बोअर २५, आणि शाफ्ट त्यात घट्ट बसायला हवा: के६ फिट, म्हणजे २५.००२ ते २५.०१५. ते २४.९७ म्हणजे बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरून फिरून पडलेली झीज होती. तेच माप घेऊन नवा शाफ्ट केला असता तर पहिल्या दिवसापासून बेअरिंग त्यावर घसरलं असतं.

एका सॅम्पलवरून माप मिळतं, टॉलरन्स मिळत नाही. तो शोधायचा तर तो पार्ट कशाला लागून बसतो, काय अडवतो, कशावर फिरतो ते विचारावं लागतं. म्हणून पार्टच्या जोडीदाराशिवाय मी काम घेत नाही. नुसतं चाक आणू नका, पिनियन आणि दोन्ही शाफ्टही आणा.

लोखंड_आणि_लिंबू

मृणालताईंना +१. ओतकामातही हाच प्रकार. तुटलेलं कास्टिंग चिकटवून तेच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतात. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण टक्काभर आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. ३०० मिलिमीटरच्या बॉडीत तीन मिलिमीटर कमी भरतात, मग फाउंड्रीच्या नावाने बोंबाबोंब.

खाडीपलीकडचा

धातूचं काय केलंत? आमच्या प्लांटवाल्यांचा पीएमआय गनवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, फार विश्वास. पिस्तूल टेकवलं की आकडे येतात. पण एक्स-रेवाल्या गनला कार्बन दिसत नाही, आणि पोलादात तर सगळा खेळ कार्बनचा. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) आणि साधं एमएस (माइल्ड स्टील) यांत ती फारसा फरक दाखवणार नाही. कार्बन हवा असेल तर स्पार्कवाल्या स्पेक्ट्रोवर न्यावं लागतं, तिथे पार्टवर जळका ठिपका पडतो.

चौदा_नंबर_पाना

बरोबर. पण त्याचे चार दात उडालेत, ही लॉटरी समज. उडालेला दात मिळाला तर आडवा काप, पॉलिश कर, नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल) लाव. केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक केलेला) असेल तर कडेने काळपट पट्टा उठतो आणि आत गाभा वेगळा दिसतो. पट्ट्याची खोली मोजता येते. वरून आणि आतून दोन्हीकडे रॉकवेल कडकपणा मोज. वर ५८-६० आणि आत ३० असेल तर पृष्ठभाग कार्बरायझिंगने कडक केलेला आहे. ईएन ३५३ सारखं काहीतरी लागेल. वर आणि आत सारखंच असेल तर ईएन २४ टफन केलेलं असू शकेल. अख्ख्या चाकाने जे कधी सांगितलं नसतं ते तुटका दात सांगतो.

कलम_कसाई

नाका यांच्या मुद्द्यावर येतो. पेशाने वकील, ठाणे कोर्टात कमी आणि पेटंटच्या कागदांत जास्त.

बाजारातून रीतसर घेतलेली वस्तू उघडून बघणं, मोजणं, समजून घेणं यात आपल्याकडे मुळात काही बेकायदा नाही. प्रश्न पुढे काय करता याचा. पेटंट जिवंत असेल तर बनवून विकता येत नाही. पण पेटंट २० वर्षांचं असतं आणि ते ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. नोंदवलेल्या डिझाइनचं, म्हणजे वस्तूच्या दिसण्याचं संरक्षण १० वर्षं, वाढवून घेतलं तर आणखी ५. डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, तर त्यावरची वस्तू कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा निघाली की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५. चाळीस वर्षं जुन्या पॅकिंग मशिनच्या चाकावर यातलं काही शिल्लक असण्याची शक्यता जवळपास शून्य.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. मूळ कंपनीचा शिक्का नव्या पार्टवर मारायचा नाही. आणि त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या पेनड्राइव्हमधली ड्रॉइंग वापरायची नाहीत. मोजून काढणं ही तुमची मेहनत आहे, ते मात्र विश्वासघाताचं प्रकरण होतं.

तीन_हात_नाका

कायद्यात बसतं हे मान्य. पण कायद्यात बसतं म्हणून ते थोर होत नाही. नवं काही न शोधता नुसतं 'तसंच' करत राहिलो, म्हणून आपल्याकडे स्वतःचं मशिन कुणी बनवत नाही, हे माझं म्हणणं आहे.

जुनी_पुस्तकं_विकणे_नाही

उलट आहे हो. तुम्ही आम्ही मराठीत छापलेलं वाचतो, त्याच्या मुळाशी अशीच एक खटपट आहे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तिथलं काम बघून गणपत कृष्णाजींनी स्वतः लाकडी दाबयंत्र तयार केलं, छपाईच्या शिळा जमवल्या, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी आणलेलं यंत्र, आणि त्यावरून केलेल्या यंत्रावर निघालं पंचांग! त्यांना कुणी ड्रॉइंग दिलं नव्हतं. प्रेस लाकडाचा केला, म्हणजे 'तसंच' केलंच नाही. कागदावर दाब किती आणि कसा पडायला हवा एवढं समजून घेतलं.

निवृत्त_केमिस्ट

बरीच वर्षं औषधांच्या धंद्यात काढली, म्हणून लिहितो. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. रेणू सगळ्यांना माहीत. वेगळ्या वाटेने तिथे पोचायचं. २००५ पर्यंत आमचा अख्खा उद्योग यावर उभा होता. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. नाकाभाऊ, याला नक्कल म्हणायचं तर म्हणा.

आमच्याकडेही वस्तू बोलते. गोळीत मुख्य औषधाखेरीज अत्यल्प अशुद्धी असतात. कुठल्या अशुद्धी हे पाहिलं की समोरच्याने कुठल्या वाटेने रसायन बनवलं याचा अंदाज येतो. पण शेवटी आमच्या जेनेरिक गोळीची परीक्षा दिसण्यावर होत नाही. रक्तात औषध किती आणि किती वेगाने चढतं ते मूळ गोळीशी ताडून बघतात. ते गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वासमर्यादांसकट, ८० ते १२५ टक्क्यांत बसावं लागतं. गोळीचा रंग, आकार, आतला स्टार्च तुमचा तुम्ही ठरवा.

हरवलेला_अर्धविराम

आता मीही घुसतो. संगणकातली प्रसिद्ध गोष्ट याच्या फार जवळची आहे. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. आतले बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, आयबीएमचा खास म्हणावा असा बायोस, म्हणजे मशिन उठवणारा छोटा प्रोग्रॅम. आणि आयबीएमने त्याचा अख्खा कोड मॅन्युअलमध्ये छापून टाकला होता! वाचायला सोपं वाटतं, पण तीच मेख. ज्याने तो वाचला त्याने लिहिलेलं काहीही उद्या कोर्टात चोरी ठरू शकतं.

म्हणून कॉम्पॅकने दोन गट केले. एकाने मूळ बायोस तपासून फक्त 'हे मागितलं की हे मिळालं पाहिजे' असं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ कोड कधी पाहिलेलाच नव्हता. त्याने ते वर्णन वाचून कोरा कोड लिहिला. १९८२ मध्ये त्यांचं मशिन जाहीर झालं. फिनिक्सने पुढे तशाच पद्धतीने बायोस करून कुणालाही विकायला काढला, आणि स्वस्त पीसींचा पूर आला.

यात माल आहे तो दोन गटांच्या मधल्या त्या वर्णनात. मृणालताईंचा प्रश्न 'यावर काय बसतं?', केमिस्टकाकांचे ८० ते १२५, गणपत कृष्णाजींचा दाब, सगळे आपापल्या परीने तेच पान लिहितायत. गाळा नऊ यांच्या आधी ज्याने चाक केलं त्याने हे पान न लिहिता थेट वस्तूवरून वस्तू केली.

आपल्या कॉपीराइट कायद्यातही सॉफ्टवेअर चालवून, निरखून त्यामागची तत्त्वं शोधायला मुभा आहे. कसाईसाहेब, कलम ५२ ना?

कलम_कसाई

५२ च. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायलाही आहे, ती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर.

खाडीपलीकडचा

अवांतर: इंच-मिलिमीटरवरून रशियनांचं विमान आठवलं. १९४४ मध्ये अमेरिकेची तीन बी-२९ बॉम्बर विमानं सोव्हिएत हद्दीत उतरली, ती परत दिलीच नाहीत. एक सुटं करून त्यावरून तुपोलेव टीयू-४ केलं, १९४७ मध्ये उडवलं. पण अमेरिकन पत्रा १/१६ इंच, म्हणजे १.५८७५ मिमी, आणि पत्रा काढणाऱ्या रशियन गिरण्या मिलिमीटरवाल्या. जाड घ्या तर वजन वाढतं, पातळ घ्या तर ताकद जाते. जागोजागी नव्याने हिशोब करावा लागला. इंजिन आणि तोफा तर स्वतःच्याच बसवल्या. स्टॅलिनचा हुकूम 'तसंच' करण्याचा होता म्हणे. त्यालासुद्धा तसंच मिळालं नाही.

गाळा_क्रमांक_नऊ

मंडळी, मोजून आलो. काका, चहा लागू: शाफ्टचं अंतर ७६.२ च्या दोन-तीन शतांश इकडेतिकडे.

चार दातांवर २७.४८, पाचांवर ३५.२१. फरक ७.७३. म्हणजे १० डीपी आणि साडेचौदा अंश.

आधीचं चाक अडीच मॉड्यूलच्या हॉबने (दात कापायच्या कटरने) कापलेलं निघालं, फरक ७.३८ येतो. बाहेरचा व्यास जुन्यासारखा ठेवलाय, म्हणून दिसायला जुळं भाऊ. कोकलणार नाही तर काय!

अडचण अशी, की हॉबिंगवाल्यांकडे साडेचौदा अंशाचा १० डीपी हॉब नाही. नागदेवीला, मुंबईच्या टूल बाजारात, चौकशी केली, ऑर्डर देऊन मागवावा लागेल. दोन चाकांसाठी तो खर्च कस्टमर देणार नाही. एकेक दात मिलिंगवर कापू का?

चौदा_नंबर_पाना

का म्हणून? अर्धविरामने पान लिही म्हटलं ना, मग लिही. या जोडीने काय करायचंय? वेग निम्मा करायचा आणि ७६.२ अंतरावर चालायचं. केसिंगची भोकं हलत नाहीत, म्हणून ते अंतर पक्कं. दाताचा कोन ही त्या काळच्या इंग्रजाची सोय होती, ती तुला बंधनकारक नाही.

पिनियन तसंही खाल्लं गेलंय. दोन्ही चाकं नवी कर, त्याच अडीच मॉड्यूल, २० अंशाच्या हॉबने. करेक्शन नसताना ही जोडी ७५ ला बसेल, आपल्याला १.२ मिलिमीटर जास्त हवेत. दोघांना मिळून साधारण अर्धा मॉड्यूल धन करेक्शन दे, त्यातलं जास्त पिनियनला. पिनियनचा दात बुडाशी जाड होईल, ते फायद्याचंच. नक्की आकडे बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) धरून मृणालकडून काढून घे. आधीच्याने हॉब चुकीचा वापरला असं नाही. एकाच चाकाला वापरला आणि जोडीदाराला विचारलं नाही.

महाप्याची_मृणाल

एकूण ०.५१ च्या जवळपास येतंय, आणि चालताना कोन २२ अंशांच्या थोडा वर. पिनियन ०.३, उरलेलं चाकाला असं धरून बघते. गुरुवारी दुपारनंतर या. उडालेला दात मिळाला असेल तर तोही.

तीन_हात_नाका

हे मात्र नक्कल नाही, मान्य. जोडीतलं एकही चाक आता मूळ मशिनसारखं राहिलं नाही.

गाळा_क्रमांक_नऊ

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. कस्टमरचा आज फोन होता: 'चाकासोबत ड्रॉइंगही द्या, आमच्या रेकॉर्डला.' दिलं तर पुढच्या वेळी तेच ड्रॉइंग घेऊन ते तीन ठिकाणी कोटेशन मागणार. ड्रॉइंग कुणाचं?

कलम_कसाई

लेखी काही ठरलं नसेल तर ज्याने काढलं त्याचं. पैसे देऊन काम करून घेणारा आपोआप मालक होतो अशा गोष्टींची कलम १७ मध्ये ठरावीक यादी आहे: फोटो, चित्र, व्यक्तिचित्र, कोरीव छाप, चित्रपट. गिअरचं ड्रॉइंग त्यात नाही. पण आधी त्यांच्या पर्चेस ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुतेक वेळा 'सर्व रेखाचित्रे कंपनीची मालमत्ता' असं छापलेलं असतं आणि खाली आपली सही असते.

चौदा_नंबर_पाना

कोटेशनमध्ये दोन ओळी कर. चाकाची जोडी इतके, ड्रॉइंग इतके. हवं असेल ते घेतील.